त्वचेचा कॅन्सर: बिघडलेल्या पेशीइतकंच तिच्या शेजाऱ्यांकडेही बघा

सूक्ष्मरेषा

सनस्क्रीनच्या धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं, "उन्हाने डीएनए बिघडतो, बिघडलेली पेशी वाढत सुटते, झाला कॅन्सर." खरं आहे, पण अर्धंच. तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते मारुतीच्या शेपटासारखं लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा. मी पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, डॉक्टर नाही. उपचाराचा सल्ला माझ्याकडे मागू नका.

आधी एक अडचणीत टाकणारी गोष्ट. २०१५ साली इंग्लंडमधल्या सँगर इन्स्टिट्यूटच्या गटाने चार माणसांच्या पापण्यांची कातडी तपासली. पापणीची जादा कातडी शस्त्रक्रियेने काढतात, त्यातली. दिसायला एकदम नॉर्मल. तिचे २३४ बारीक तुकडे घेऊन जनुकं वाचली, तेव्हा १८ ते ३२ टक्के पेशींमध्ये कॅन्सरकडे ढकलणारी म्युटेशन्स (जनुकांतले बदल) निघाली. साधारण तीन ते सहा पेशींमागे एक! अंगावरच्या साध्या तिळाचंही तेच. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरात जवळजवळ निम्म्या वेळा सापडणारं बीरॅफ जनुकातलं म्युटेशन बहुतेक निरुपद्रवी तिळांतही असतं, आणि ते तीळ आयुष्यभर गप बसून राहतात. म्हणजे म्युटेशन लागतं, पण तेवढ्याने भागत नाही.

मग आणखी काय लागतं? पुष्कळ गोष्टी लागतात. मी लिहिणार आहे ती फायब्रोब्लास्ट या शेजारच्या पेशींबद्दल, कारण माझं रोजचं काम त्यांच्याशी पडतं.

त्वचेचा वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, जवळपास सगळा पेशींचाच. केराटिनोसाइट एकावर एक रचलेले, तळाशी अधूनमधून रंग बनवणारे मेलॅनोसाइट. त्वचेचे तिन्ही मुख्य कॅन्सर (बेसल सेल, स्क्वॅमस सेल आणि मेलानोमा) इथे सुरू होतात. त्याखाली बेसमेंट मेम्ब्रेनचा पातळ पडदा आणि त्याच्याखाली अंतस्त्वचा. इथे उलटा मामला: पेशी विरळ, मधली जागा कोलॅजनच्या दोऱ्यांनी भरलेली. हे दोरे विणतात ते फायब्रोब्लास्ट. इलॅस्टिन, फायब्रोनेक्टिन, हायलुरोनिक आम्ल हेही त्यांचंच काम. जुनं कोलॅजन तोडायची एन्झाइम्सही तेच सोडतात. शिवाय वरच्या थराला वाढीचे संकेत पाठवतात आणि गरज पडली की रोगप्रतिकार पेशींना बोलावतात. नुसता गिलावा समजून त्यांच्याकडे अनेक वर्षं दुर्लक्ष झालं.

जखम झाली की त्यांचा अवतार बदलतो. १९७१ मध्ये गॅब्बियानी आणि सहकाऱ्यांनी भरत येणाऱ्या जखमेतल्या फायब्रोब्लास्टमध्ये स्नायूपेशीसारखे आकुंचन पावणारे तंतू पाहिले. हे मायोफायब्रोब्लास्ट. प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. कोलॅजनच्या पातळ जेलमध्ये फायब्रोब्लास्ट मिसळून बशीत ओतायचे, जेल घट्ट झालं की सुईने त्याच्या कडा सुट्या करायच्या आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी बशीभर पसरलेली चकती आक्रसून मधोमध नखाएवढी झालेली असते, आणि आदल्या दिवशी आरपार दिसणारं जेल दुधाळ झालेलं असतं. पेशींनी कोलॅजनचे दोरे ओढून ओढून गोळा केलेले असतात. जखमेच्या कडा जवळ येतात त्या याच ओढीने.

जखम भरली की हे मायोफायब्रोब्लास्ट बहुतांशी मरून जातात किंवा पुन्हा शांत होतात. गाठीच्या भोवती मात्र ते तळ ठोकून बसतात, कारण गाठ टीजीएफ-बीटासारखे संकेत सोडतच राहते. हॅरोल्ड ड्वोरॅकने १९८६ मध्ये लिहिलं की ट्यूमर म्हणजे न भरणाऱ्या जखमा. त्याआधी जवळजवळ शतकभर, १८८९ मध्ये, स्टीफन पॅजेटने स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू झालेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून बी आणि जमिनीची उपमा दिली होती: बी सगळीकडे पडतं, रुजतं मात्र मानवेल त्याच जमिनीत. जमिनीकडे लोकांचं लक्ष जायला बराच काळ गेला एवढंच.

गाठीच्या आसपासच्या या बदललेल्या फायब्रोब्लास्टना प्रयोगशाळेत आम्ही 'कॅफ' (कॅन्सर-असोसिएटेड फायब्रोब्लास्ट) म्हणतो. ते करतात काय, याचा माझा सगळ्यात आवडता प्रयोग लंडनमधल्या एरिक सहाईंच्या गटाचा, २००७ चा. कोलॅजनचं जाड जेल, वर स्क्वॅमस कॅन्सरच्या पेशी. जेलमध्ये फायब्रोब्लास्ट नसतील तर या पेशी वरच बसून राहतात. फायब्रोब्लास्ट घातले की खाली घुसायला लागतात, एकेकट्या नाही, रांग करून. आणि प्रत्येक रांगेच्या पुढे कोण? फायब्रोब्लास्ट! तो एन्झाइमने जेल तोडतो, ओढून बाजूला करतो, बोगदा पाडतो. कॅन्सरपेशी मागून येतात. मग त्यांनी फायब्रोब्लास्टना आधी जेलमध्ये फिरू दिलं, नंतर मारून टाकलं आणि त्यानंतर वर कॅन्सरपेशी सोडल्या. तरी त्या आत गेल्या, कारण बोगदे तयार होते. २०१७ मध्ये बार्सिलोनाच्या गटाने दाखवलं की या दोन पेशी एकमेकींना चिकटतातही: कॅन्सरपेशीवरचं ई-कॅडहेरिन हे प्रथिन फायब्रोब्लास्टच्या एन-कॅडहेरिनला धरतं आणि फायब्रोब्लास्ट तिला अक्षरशः ओढत नेतो.

थांबते. प्रश्न आले तर पुढचं प्रतिसादांत.


अर्धविराम

वाचनखूण साठवली. ताई, नखाएवढी चकती वाचून कॉफी बाजूला ठेवली.


निवांत

+१. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.


शंकासूर

लेख छान, पण माझा नेहमीचा प्रश्न. गाठीभोवती फायब्रोब्लास्ट बदललेले दिसतात, मान्य. पण आधी गाठ की आधी फायब्रोब्लास्ट? आगीच्या जागी बंब दिसतो म्हणून बंबाने आग लावली असं कोणी म्हणत नाही. बोगदे पाडणं हेही गाठ झाल्यानंतरचंच काम. मूळ दोष केराटिनोसाइटच्या डीएनएत असेल तर बाकीचे बघेच.


सूक्ष्मरेषा

@शंकासूर, प्रश्न रास्त आहे, आणि याच क्षेत्रात तो वर्षानुवर्षं विचारला गेलाय. निव्वळ निरीक्षणाने उत्तर मिळत नाही. बघ्यांना हात लावायचा, पेशीला नाही, आणि काय होतं ते पाहायचं, असे प्रयोग लागतात.

पहिला १९९९ चा, प्रोस्टेटवरचा. प्रोस्टेटच्या पेशी घेतल्या, अमर केलेल्या पण गाठ न करणाऱ्या. त्यांच्याबरोबर नॉर्मल फायब्रोब्लास्ट घालून उंदरात रुजवल्या: विशेष काही झालं नाही. त्याच पेशी कॅन्सरच्या गाठीतून काढलेल्या फायब्रोब्लास्टबरोबर घातल्या: ट्यूमर. पेशी त्याच, सोबत बदलली.

दुसरा २००४ चा. उंदराच्या फक्त फायब्रोब्लास्टमधला टीजीएफ-बीटाचा रिसेप्टर (संकेत पकडणारं प्रथिन) काढून टाकला. वरच्या आवरणाच्या पेशींची जनुकं शाबूत. तरी उंदरांच्या जठराच्या पुढच्या भागात स्क्वॅमस कॅन्सर झाला.

तिसरा थेट त्वचेचा. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या जान पाओलो दोत्तो यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदराच्या अंतस्त्वचेतल्या पेशींमधून सीएसएल हे जनुक काढलं. नॉच नावाची संकेतसाखळी त्यामार्फत चालते. वरच्या केराटिनोसाइटना हातही लावला नाही. आधी अंतस्त्वचा पातळ झाली, मग दाह सुरू झाला, मग वरच्या थरात एक नाही, अनेक ठिकाणी गाठी उगवल्या. आणि माणसाच्या बाबतीत, उन्हाने येणारे ते खरखरीत चट्टे (अ‍ॅक्टिनिक केराटोसिस) असतात ना, त्यांच्या खालच्या फायब्रोब्लास्टमध्येही नॉचचं काम मंदावलेलं दिसलं. यूव्ही-ए किरणांनी ते मंदावतं हेही त्यांनी दाखवलं.

इथे ऊन पुन्हा येतं, पण वेगळ्या दाराने. यूव्ही-बी बहुतेक वरच्या थरातच शोषलं जातं. यूव्ही-ए (३२० ते ४०० नॅनोमीटर) थेट अंतस्त्वचेत पोचतं, काचेतूनही येतं. म्हणजे बी आणि जमीन दोन्हींवर एकाच वेळी मारा. चेहऱ्यावर किंवा टकलावर एक गाठ काढली की शेजारी दुसरी, मग तिसरी, असं ज्यांचं होतं त्यांच्या बाबतीत अख्खं क्षेत्रच बिघडलेलं असतं. त्या बिघाडात अंतस्त्वचेचाही वाटा आहे, एवढं आता ठामपणे म्हणता येतं.

आणखी एक: २०१० मध्ये उंदराच्या त्वचेवरच दाखवलं गेलं की कॅन्सर व्हायच्या कितीतरी आधी, नुसती जाडी वाढलेली असतानाच, तिथले फायब्रोब्लास्ट दाह पेटवणारी जनुकं चालू करून बसलेले असतात. तेव्हा बंब आगीच्या आधी हजर होता, आणि त्यात पाणीच होतं याची खात्री देता येत नाही. :)


शंकासूर

दोत्तोंचा प्रयोग पटला. पण उंदरात जनुक पूर्ण काढणं आणि माणसात ते थोडं मंदावणं, यात फरक आहे. 'कारण' म्हणण्याऐवजी 'वाटा' म्हणालात, तिथे माझं समाधान.


काचपट्टी

मी पॅथॉलॉजिस्ट. रोज या गोष्टी काचेवर बघतो, तेव्हा थोडी भर घालतो.

बेसल सेल कार्सिनोमाची स्लाइड डोळ्यांसमोर आणा. निळ्या-जांभळ्या पेशींची बेटं, बेटाच्या कडेला पेशी कुंपणासारख्या उभ्या. नवे विद्यार्थी या बेटांकडेच बघतात. मी त्यांना भोवतालचा भाग बघायला सांगतो. नॉर्मल अंतस्त्वचा गडद गुलाबी, जाड दोऱ्यांची. बेटांभोवती मात्र फिकट निळसर, सैल, चिकट द्रव्याने भरलेला स्ट्रोमा (गाठीभोवतीचं आधार देणारं ऊतक) आणि त्यात भरभरून लांबट फायब्रोब्लास्ट. बऱ्याचदा बेट आणि स्ट्रोमा यांच्यात फट पडलेली दिसते. ती स्लाइड बनवताना पडते, पण निदानाला फार उपयोगी. सांगायचं म्हणजे हा स्ट्रोमा गाठीने स्वतःसाठी घडवून घेतलेला असतो.

आणि तो तिला लागतोच. १९६१ मध्ये व्हॅन स्कॉट आणि राइनर्टसन यांनी बेसल सेलच्या गाठी रुग्णाच्याच अंगावर दुसऱ्या जागी रुजवून पाहिल्या होत्या (आजची नैतिकता समिती हा प्रस्ताव दारातूनच परत पाठवेल). स्ट्रोमासकट लावलेल्या तुकड्यांत गाठ टिकली. स्ट्रोमा काढून लावलेल्यांत टिकली नाही. इतका सामान्य कॅन्सर, पण दूर पसरणं जवळजवळ नाहीच, याचं एक स्पष्टीकरण हेच दिलं जातं: आपला स्ट्रोमा सोडून त्याला जगता येत नाही.

याचाच एक भाऊ मॉर्फियाफॉर्म बेसल सेल. त्यात बेटं नसतात, जाड कोलॅजनमधून दोन-तीन पेशींच्या बारीक रांगा पसरतात. कातडीवर व्रणासारखा पांढुरका चट्टा, कड कुठे संपते ते बोटाला लागत नाही. सर्जन डोळ्यांनी कड ठरवून कापतो आणि मी सूक्ष्मदर्शकाखाली बघतो तर गाठ कधी कधी कापलेल्या कडेपर्यंत आलेली. म्हणून तिथे मोह्‌स पद्धत बरी: थर काढायचा, तिथल्या तिथे तपासायचा, उरलेल्या बाजूनेच पुढचा थर काढायचा.


कोरांटी

काचपट्टीकाका, असे प्रतिसाद आले की या संस्थळावर आल्याचं सार्थक होतं.

माझा प्रश्न वयाबद्दल. त्वचेचे कॅन्सर म्हातारपणी जास्त, याचं कारण नेहमी 'उन्हाचा साठलेला परिणाम' असं सांगतात. ऊन तर बहुतेकांनी लहानपणीच जास्त खाल्लेलं असतं, खेळताना वगैरे. मग चाळीस-पन्नास वर्षं ते म्युटेशन कुठे झोपलेलं असतं? फायब्रोब्लास्टही म्हातारे होतात का?


सूक्ष्मरेषा

@कोरांटी, होतात, आणि चांगलेच खोडसाळ होतात. बशीतसुद्धा कळतं: तरुण फायब्रोब्लास्ट सडपातळ, लांबट, सगळे एका दिशेला तोंड करून शिस्तीत वाढतात. म्हातारे पसरट, ऐसपैस, वाट्टेल तसे पडलेले, विभाजन बंद.

विभाजन बंद म्हणजे गप बसले असं नाही. ज्युडिथ कँपिसी यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं की असे थकलेले फायब्रोब्लास्ट शेजारच्या कॅन्सरपूर्व पेशींची वाढ वाढवतात. ते दाह पेटवणारी प्रथिनं आणि कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स सतत सोडत राहतात.

त्वचेबद्दल डॅन स्पँडाऊ आणि जेफ्री ट्रॅव्हर्स यांचं काम मला फार रोचक वाटतं. तरुण अंतस्त्वचेतले फायब्रोब्लास्ट आयजीएफ-१ हा वाढीचा घटक भरपूर बनवतात. केराटिनोसाइटवर यूव्ही-बीचा मारा झाला आणि आयजीएफ-१ हजर असेल, तर डीएनए फार बिघडलेली पेशी कायमची विभाजन थांबवते. म्हातारपणी आयजीएफ-१ आटतो आणि तीच बिघडलेली पेशी न थांबता विभागत राहते. गंमत म्हणजे वाढीचा घटक कमी झाल्यामुळे नको ती वाढ! मग त्यांनी ज्येष्ठांच्या त्वचेला मुद्दाम बारीक इजा करून पाहिली, लेझरने. इजा झाली की नवे फायब्रोब्लास्ट कामाला लागतात आणि आयजीएफ-१ पुन्हा वाढतो. एका हातावर लेझर, दुसरा हात तसाच ठेवून तुलना केली, तेव्हा लेझरच्या हातावर पुढे ते खरखरीत चट्टे बरेच कमी आले.

(हे वाचून कोणी घरी सुयांचा रोलर फिरवत बसू नका. तो प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखालचा होता.)

मेलानोमात आणखी विचित्र दिसतं. आशानी वीररत्ना यांच्या गटाने २०१६ मध्ये तरुण आणि वयस्क उंदरांत एकाच प्रकारच्या मेलानोमा पेशी सोडल्या. वयस्कांच्या कातडीत गाठ हळू वाढली, पण फुफ्फुसात जास्त पसरली. कारण शोधता शोधता ते वयस्क फायब्रोब्लास्टमधून सुटणाऱ्या एसएफआरपी-२ या प्रथिनापर्यंत पोचले. त्याच्यामुळे मेलानोमा पेशी पसरायला तर तयार होतेच, शिवाय बीरॅफवरच्या औषधालाही दाद देईनाशी होते. २०१९ मध्ये त्यांनी दुसरी बाजू दाखवली: कोलॅजनची वीण नीट ठेवणारं एचएपीएलएन-१ हे प्रथिन वयस्क फायब्रोब्लास्ट कमी बनवतात. वीण विस्कटते आणि कॅन्सरपेशींना वाट मिळते.

म्हणून औषधांची परीक्षा फक्त कोवळ्या उंदरांवर घ्यायची आणि वापरायची मात्र सत्तरीच्या माणसात, याला वीररत्ना जाहीरपणे आक्षेप घेतात. मला तो शंभर टक्के पटतो.


निवांत

कोलॅजनचा एवढा हात असेल तर कोलॅजनची पावडर आणि क्रीम वापरणाऱ्यांचं काय? घरात डबा आहे. फेकू का?


सूक्ष्मरेषा

@निवांत, या कारणासाठी फेकू नका. क्रीममधला कोलॅजनचा रेणू त्वचेतून आत शिरण्याच्या मानाने फार मोठा असतो, वरच राहतो. खाल्लेलं कोलॅजन पचनात तुटतं. गाठीभोवतीचं कोलॅजन तिथल्याच फायब्रोब्लास्टनी विणलेलं असतं आणि मुद्दा त्याच्या वजनाचा नाही, विणीचा आणि कडकपणाचा आहे.

कडकपणावरून आठवलं. एक दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे, डिस्ट्रॉफिक एपिडर्मोलायसिस बुलोसा. त्यात बाह्यत्वचेला अंतस्त्वचेशी बांधून ठेवणारं सातव्या प्रकारचं कोलॅजन नीट बनत नाही. साध्या घर्षणाने फोड येतात, जखमा पुन्हापुन्हा होतात, व्रण साठत जातात. या मुलांना तरुणपणीच स्क्वॅमस कॅन्सर होतो आणि तो इतका आक्रमक असतो की त्यांच्या मृत्यूचं मोठं कारण तोच. त्यांच्या कॅन्सरपेशींतली म्युटेशन्स इतरांपेक्षा काही आक्रीत नसतात. वेगळी असते ती खालची अंतस्त्वचा: सतत व्रण पडून ताठ झालेली, टीजीएफ-बीटाने भरलेली. जमीनच अशी झाली की काय होतं, याचं यापेक्षा स्पष्ट आणि क्रूर उदाहरण मला माहीत नाही.


अर्धविराम

एवढे उपद्व्यापी आहेत तर गाठीभोवतीचे फायब्रोब्लास्ट मारून का टाकत नाहीत? कॅन्सरपेशी हुशार, औषधाला चकवणाऱ्या. हे बापडे तर जनुकांनी नॉर्मल, म्युटेशन करून पळणारही नाहीत. सोपं लक्ष्य!


सूक्ष्मरेषा

@अर्धविराम, अगदी हाच विचार करून लोक कामाला लागले आणि सपाटून आपटले.

स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये गाठीचा मोठा भाग स्ट्रोमाच असतो. गाठ हेजहॉग नावाचा संकेत सोडते, त्याने फायब्रोब्लास्ट माजतात. मग हेजहॉग बंद करणारं औषध दिलं की स्ट्रोमा विरघळेल आणि केमोथेरपी आत पोचेल, असा हिशोब. उंदरात आशा दिसली. माणसांवरची चाचणी मात्र २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्या रुग्णांचं जास्त बिघडत होतं. २०१४ मध्ये दोन गटांनी उंदरात त्याचा उलगडा केला: मायोफायब्रोब्लास्ट काढले किंवा हेजहॉग बंद केला तर गाठी जास्त आक्रमक होतात. म्हणजे ज्यांना आपण साथीदार समजत होतो, त्यांतले काही गाठीला धरून ठेवत होते.

(याच जातीचं, हेजहॉग अडवणारं औषध बेसल सेल कार्सिनोमात उत्तम चालतं. व्हिस्मोडेजिबला २०१२ मध्येच अमेरिकेत मंजुरी मिळाली. तिथे बिघाड खुद्द कॅन्सरपेशीच्या हेजहॉग साखळीत असतो, म्हणून.)

हे तसं नवीन नाही. १९६६ मध्येच मायकेल स्टोकर यांनी पाहिलं होतं की नॉर्मल फायब्रोब्लास्टच्या थराला चिकटलेल्या बिघडलेल्या पेशी वाढायच्या थांबतात. फायब्रोब्लास्टचं मूळ काम घडी विस्कटू न देणं हेच. कॅफ सगळे एका जातीचे नाहीत, हे २०१७ मध्ये स्वादुपिंडात नीट दिसलं: गाठीला खेटून बसलेले आकुंचन पावणारे वेगळे, थोडे लांब राहून दाह पेटवणारे वेगळे, आणि एका जातीचे दुसऱ्या जातीत जाऊही शकतात. त्वचेच्या गाठींतही एकेका पेशीची जनुकं वाचायला लागल्यापासून अशीच सरमिसळ दिसते आहे. सरसकट मारलं तर राखणदारही जातात.

माझं स्वतःचं मत: त्यांना मारण्यापेक्षा परत शांत करण्याचा, निदान त्यांचे ठराविक संकेत अडवण्याचा रस्ता जास्त शहाणपणाचा. जखम भरल्यावर ते आपोआप शांत होतात, म्हणजे तशी सोय त्यांच्यात आहेच.


शंकासूर

संकेत अडवायचे म्हणजे कोणते? उदाहरण द्या, नाहीतर हे हवेतलं राहतं.


सूक्ष्मरेषा

@शंकासूर, मेलानोमातलं देते.

बीरॅफवरचं व्हेमुराफेनिब २०११ मध्ये आलं. अंगभर पसरलेल्या गाठी काही आठवड्यांत विरघळल्याचे फोटो तेव्हा सगळीकडे फिरत होते. आणि मग बहुतेकांत काही महिन्यांनी परत. २०१२ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन गटांनी दाखवलं की फायब्रोब्लास्टसारख्या शेजारच्या पेशींतून एचजीएफ नावाचा घटक सुटतो, तो मेलानोमा पेशीवरच्या मेट या रिसेप्टरला लागतो आणि औषधाने बंद केलेलं वाढीचं काम दुसऱ्या वाटेने चालू होतं. पेशीत नवं म्युटेशन व्हायची गरजच नाही. बशीत नुसत्या मेलानोमा पेशी ठेवून औषध तपासलं तर हे कधीच दिसलं नसतं, कारण बशीत शेजारीच नसतात.

२०१५ मध्ये सहाईंच्या गटाने जिवंत उंदरात, सूक्ष्मदर्शकाखाली, आणखी पुढचं पाहिलं. बीरॅफचं औषध फायब्रोब्लास्टवर उलटं चालतं. त्यांच्यातलं बीरॅफ नॉर्मल असतं आणि नॉर्मल बीरॅफला हे औषध चिथावतं. ते चिथावले की भोवतालचं कोलॅजन कडक करतात आणि त्या कडक जागेत मेलानोमा पेशी फॅक नावाच्या एन्झाइमच्या आधाराने औषध सोसून जगतात. उंदरात बीरॅफबरोबर फॅकही अडवल्यावर परिणाम सुधारला. म्हणजे इथे फायब्रोब्लास्टला न मारता त्याने दिलेला आधार तेवढा काढून घेतला.

इम्युनोथेरपीतही (प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणाऱ्या उपचारांत) त्यांची आडकाठी असते. टी-पेशी, म्हणजे कॅन्सरपेशींना मारणाऱ्या प्रतिकार पेशी, गाठीपर्यंत येतात आणि भोवतीच्या स्ट्रोमातच अडकतात. टीजीएफ-बीटा आणि कॅफनी सोडलेलं सीएक्ससीएल-१२ हे प्रथिन त्यांना आत जाऊ देत नाहीत असं उंदरांत दिसलं आहे.

आणि जे मारता आले नाहीत ते किमान गाठ कुठे आहे हे दाखवायला उपयोगी पडतायत. कॅफच्या अंगावर एफएपी हे प्रथिन भरपूर असतं, निरोगी ऊतकात जवळपास नसतं. त्याला चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य देऊन पेट स्कॅन करायचा, म्हणजे गाठीभोवतीचे फायब्रोब्लास्टच उजळतात. जर्मनीतल्या हायडलबर्गच्या मंडळींनी २०१८ च्या सुमारास हे पुढे आणलं.


कोरांटी

एक प्रश्न, थोडा घरचा. नात्यातल्या एका काकांच्या गालावरची गाठ काढली. रिपोर्टमध्ये स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आणि पुढे 'डेस्मोप्लास्टिक स्ट्रोमा' असं आहे. हेच ते फायब्रोब्लास्टचं प्रकरण का? इंटरनेटवर शोधलं तर एका ठिकाणी डेस्मोप्लास्टिक म्हणजे इम्युनोथेरपीला उत्तम प्रतिसाद असं लिहिलंय आणि दुसऱ्या ठिकाणी वाईट. काका गोंधळलेत, मीही.


काचपट्टी

@कोरांटी, तुम्ही दोन वेगळ्या आजारांची माहिती एकत्र वाचली आहे.

स्क्वॅमस सेलच्या रिपोर्टात तो शेरा म्हणजे गाठीच्या बारीक रांगांभोवती फायब्रोब्लास्ट आणि नवं कोलॅजन भरपूर वाढलंय. अशा गाठी त्याच जागी परत येण्याचं आणि लसिका ग्रंथींत पसरण्याचं प्रमाण साध्या स्क्वॅमसपेक्षा जास्त असतं. म्हणून आम्ही तो शेरा मुद्दाम लिहितो.

डेस्मोप्लास्टिक मेलानोमा हे वेगळंच प्रकरण. बहुधा उन्हाने रापलेल्या डोक्या-मानेवर, उतारवयात. कोलॅजनने भरलेला, कधी कधी रंगही नसलेला, त्यामुळे जुना व्रण समजून लोक सोडून देतात. पण त्यातल्या लांबट पेशी बऱ्याच अंशी मेलानोमाच्याच असतात, फायब्रोब्लास्टसारख्या दिसतात इतकंच. २०१८ मध्ये अशा ६० रुग्णांची माहिती आली, त्यात पीडी-१ (टी-पेशींवरचा ब्रेक) अडवणाऱ्या इम्युनोथेरपीच्या औषधाला ७० टक्क्यांनी प्रतिसाद दिला. इतर मेलानोमांच्या मानाने फारच चांगला. उन्हाची म्युटेशन्स त्यात खच्चून असतात, ती टी-पेशींना ओळखायला सोपी जातात. 'कोलॅजन दाट म्हणजे टी-पेशी अडणारच' असं सरसकट म्हणता येत नाही, हेही त्यावरून दिसतं. सूक्ष्मरेषाताईंच्या शेवटच्या प्रतिसादाला एवढी पुरवणी.

काकांच्या रिपोर्टात आता चार गोष्टी बघा: गाठीची जाडी किती मिलिमीटर, ती चरबीच्या थरापर्यंत किंवा खाली गेली आहे का, मज्जातंतूभोवती पेशी दिसल्या का, आणि कापलेल्या कडा मोकळ्या आहेत का. कड मोकळी नसेल किंवा अगदी जवळ असेल तर पुन्हा काढण्याबद्दल सर्जनशी लगेच बोला. मानेच्या आणि कानापुढच्या ग्रंथी तपासून घ्या आणि पुढच्या भेटी चुकवू नका. काकांचा एखादा अवयव बदललेला असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर ते सर्जनला आवर्जून सांगा, कारण अशा लोकांत हा कॅन्सर जास्त होतो आणि जास्त दांडगाईने वागतो.


कोरांटी

जाडी आणि मज्जातंतूचं लिहिलेलं आहे, कडांचं पान सापडत नाहीये. उद्या लॅबमधून पूर्ण प्रत मागवते. खूप आभार, काका.


काचपट्टी

प्रत मिळाली की कडांपैकी बाजूची आणि तळाची वेगवेगळी लिहिली आहेत का ते बघा. अशा गाठीत तळाची कड जास्त महत्त्वाची. ती दिली नसेल तर लॅबला फोन करून विचारता येतं, ब्लॉक्स (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) त्यांच्याकडे ठेवलेले असतात.